दुपारचा बर्फ

उस्मानभाई मुकादमांनी आभाळातून पडलेला बर्फ जन्मात पाहिला नव्हता. तरीही अख्ख्या रियाधमध्ये बर्फातलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले की ते कानशीवरची नजर न उचलता म्हणायचे, "रियाधमध्ये बरफातला कळणारा दुसरा हाय कोण गो? एकट्यानंच धावायचा आन् पयला नंबर सांगायचा."

हे ते हसत म्हणायचे आणि मीही हसायची. आज आठवलं की हसू येत नाही.

शहराच्या उत्तरेला एका मॉलच्या पोटात बर्फाचा हॉल आहे. बाहेर बेचाळीस डिग्री असली तरी आत उणे चार. भिंती पांढऱ्या, छत पांढरं, छताला निळसर दिवे, आणि एका टोकाला तीनमजली उंचीवरून खाली येणारा यंत्राच्या बर्फाचा लांब उतार. मी फिजिओथेरपिस्ट, मूळची सांगलीची. आमच्या हॉस्पिटलचा त्या हॉलशी करार होता, म्हणून आठवड्यातले तीन दिवस मला तिथल्या प्रथमोपचाराच्या खोलीत बसावं लागायचं. माझं दार उघडलं की समोर उस्मानभाईंचा काउंटर. चार वर्षं आम्ही असे समोरासमोर होतो. ते फळ्या भाड्यानं द्यायचे, आणि त्यांच्यावरून पडलेले लोक माझ्याकडे यायचे.

स्नोबोर्डला ते फळी म्हणत. वडील दाभोळच्या खाडीवर होड्या बांधायचे, त्यामुळे पाण्यावरून असो की बर्फावरून, जे घसरतं ते लाकूडकाम, अशी त्यांची समजूत होती. ते स्वतःही सुतारच. बत्हामधल्या एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं काढली आणि या हॉलचा लाकडी काउंटर बसवायला म्हणून आले. तेव्हा तिथं एक ऑस्ट्रियन मास्तर होता. त्यानं या माणसाचा रंध्यावरचा हात पाहिला आणि त्याच्यापुढं एक स्नोबोर्ड ठेवून कडेला धार लावायला सांगितली. उस्मानभाईंनी अशी धार लावली की मास्तरानं त्यांना काउंटर बसवून झाल्यावर परत जाऊच दिलं नाही. वर्षभर शिकवलं. मग मास्तर त्याच्या देशात निघून गेला, आणि मागं आपल्या कानशी, मेण लावायची इस्त्री आणि एक जुनी फळी ठेवून गेला.

काउंटरमागच्या भिंतीवर भाड्याच्या फळ्यांपासून वेगळ्या तीन फळ्या टांगलेल्या असायच्या. पहिली मास्तरांची, लांब, अरुंद आणि ताठ. तिचं नाव सुरी. दुसरी रुंद, मऊ, नाकाकडे वर उचललेली, तिचं नाव पाट. तिसरी या दोघींच्या मधली, तिला नाव नव्हतं आणि तिच्याबद्दल ते फारसं बोलतही नसत. "घट्ट दाबलेला बरफ असला तर सुरी," ते मला समजावत. "कड रुतते, माणूस पडता पडत नाय. भुसभुशीत असला तर पाट, तो वरच्यावर तरंगतो. उलटा केलास तर मेलास. मऊ बरफात सुरी घेतलीस ना, ती नाक खुपसते. आन् माणसाला पुढं फेकते, मानेवर."

मानेवर म्हणताना ते स्वतःच्या मानेवर तळहात ठेवत. हे मला त्यांनी किमान पन्नास वेळा सांगितलं असेल.

धार बघायची त्यांची रीत पाहून पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला होता. डाव्या अंगठ्याचं नख पोलादी कडेवरून हलकेच ओढायचं. नखाचा पांढरा भुगा कडेवर राहिला तर धार बरोबर. दिवसाला वीस-पंचवीस फळ्या, त्यामुळे ते नख कायम खरवडलेलं. मी एकदा चिडून म्हटलं, "उस्मानभाई, याला यंत्र मिळत असेल की!" तर म्हणाले, "यंत्र खोटा बोलतो बाय. नख आपला हाय, त्याला दुखतं."

सकाळी हॉल उघडण्याआधी ते मुख्य संगीत बंद करायला लावत, मग पंखे बंद करायला लावत, आणि त्या शांततेत तिन्ही फळ्यांवरून एकेकदा खाली येत. बहुतेक लोक फळी आडवी धरून घसटत, बर्फ उडवत खाली येतात. उस्मानभाई तसे येत नसत. ते फळी जवळजवळ उभी करत, तिची फक्त कड बर्फात असे, आणि त्या वाकलेल्या फळीच्या बाकानंच ते वळत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. याला कार्व्हिंग म्हणतात. खाली पोचले की ते मागं वळून बघत. उतारावर एकच बारीक रेघ उमटलेली असायची. पन्नाशीचा, थोडं पोट सुटलेला, डोक्याला लोकरीची टोपी घातलेला तो माणूस मग गुडघ्यावर बसून ती रेघ बोटानं चाचपायचा आणि त्या दिवशी कुणाला कोणती फळी द्यायची ते ठरवायचा.

एकदा एक तरुण आला, कुठल्यातरी बड्या घरचा. त्याला सुरीच हवी होती, कारण ती दिसायला झोकदार. गर्दीचा दिवस होता, बर्फ तुडवून तुडवून मऊ पडला होता. उस्मानभाई नाही म्हणाले. तो ओरडला. मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, धावत आला आणि भिंतीवरची फळी स्वतः काढून त्याच्या हातात दिली. पंधरा मिनिटांत तो मनगट धरून माझ्या टेबलावर बसलेला होता. मला वाटलं, आता उस्मानभाई येऊन 'बघ, मी सांगितलेला' म्हणणार. ते आले, पण त्या पोरासाठी चहा घेऊन. तो गेल्यावर दारातच उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मीच म्हटलं, तुमची काय चूक यात?

"मी नाय म्हटला," ते म्हणाले, "पण पुरेसा मोठ्यानं नाय म्हटला."

आणखी एक दिवस सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्या दिवसामुळे झालं. सकाळी तीन फेऱ्या मारून ते खाली आले आणि म्हणाले, वरचा अर्धा उतार बंद ठेवा. कारण विचारलं तर म्हणाले, "आवाज पोकळ येतोय." शाळांच्या तीन बसेस दाराशी उभ्या. मुदीरनं कपाळ बडवलं, अरबीत काय काय म्हणाला ते मी इथं लिहीत नाही. उस्मानभाई उताराच्या मधोमध जाऊन बसले आणि उठेचनात. शेवटी देखभालवाल्यांनी वरचा थर खणला. खाली थंड पाण्याचा पाइप फुटला होता, आणि पाण्यानं आतून बर्फ खाऊन टाकून मोठा खड्डा केला होता. वर चार बोटं जाडीचं कवच तेवढं शिल्लक होतं. त्यावरून पोरांची रांग जाणार होती.

त्या दिवसापासून सगळे उस्मानभाईंचं ऐकायला लागले. मुदीरसुद्धा. उस्मान म्हणाला ना, मग खलास, विषय संपला. मीही त्यातलीच. मला आता वाटतं, तिथंच घात झाला. माणसाला कुणीतरी अधूनमधून खोटं पाडणारं हवं असतं, आणि त्यांना तसं कुणी उरलं नाही.

रीम त्यानंतर आली. एकोणीस-वीस वर्षांची, युनिव्हर्सिटीत शिकणारी, बारीक चणीची सौदी मुलगी. वडील बरोबर असायचेच. ते पायघोळ पांढऱ्या थोबवर फरवा, म्हणजे वाळवंटातल्या थंडीचा मेंढीच्या कातड्याचा जाड कोट, घालून खालच्या बाकावर बसत आणि दोन तास हलत नसत. रीमला पहिल्या दिवशी उस्मानभाईंनी मधली फळी दिली. दुसऱ्या महिन्यात तिची रेघ बारीक झाली. सहाव्या महिन्यात ते मला हाताला धरून उतारापाशी घेऊन गेले. "बघ," म्हणाले. बर्फावर दोन रेघा होत्या. "यातली माझी कुठची, तिची कुठची, सांग."

मला सांगता आलं नाही. ते इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी मुदीरलाही चहा पाजला.

तिला त्यांनी सुरी दिली, मास्तरांची, भिंतीवरून कायमची उतरवून. आणि एक नियम दिला, दुसऱ्यानं धार लावलेल्या फळीवर पाय ठेवायचा नाही. हा होडीवाल्यांचा नियम असावा. रीम तो नमाजाच्या वेळा पाळाव्यात तसा पाळत असे. तिचे वडील दर वेळी निघताना एकच प्रश्न विचारत, "उस्मान, तिला काही होणार नाही ना?" आणि उस्मानभाई छातीवर हात ठेवून म्हणत, "माझी मुलगी असती तर हेच शिकवलं असतं." त्यांना तीन मुलगे. मुलगी नव्हती.

मग ते पत्र आलं. युरोपातल्या एका डोंगरावर मार्चमध्ये नवशिक्या देशांतल्या खेळाडूंसाठी कार्व्हिंगची शर्यत होती, आणि रीमची निवड झाली होती. हॉलमध्ये फुगे लागले. उस्मानभाई तिच्याबरोबर जाणार असं ठरलं होतं. कागद गेले, फोटो गेले, बोटांचे ठसे गेले, आणि व्हिसा नाकारला गेला. मुदीरनं खांदे उडवले. हॉलतर्फे त्याचा सहायक जाईल, वडील जातील, तिथला एक स्थानिक कोच मदतीला असेल. फळी मात्र उस्मानभाईच तयार करून देतील.

त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं. काउंटरवर वही उघडी असायची. त्यात ते त्या डोंगराबद्दल मिळेल ते लिहायचे. उतार किती, उंची किती, वारा कुठून, सकाळचं तापमान उणे आठ. धुकं आलं तर काय, बर्फ गोठून काच झाला तर काय. प्रत्येकापुढं धारेचा कोन आणि मेणाचा प्रकार. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती वही माझ्यापुढं ठेवली.

"बाय, तू शिकलेली हायस. वाच. काहीतरी राह्यलंय."

"काय राहिलंय?"

"तां कळला असता तर तुला कशाला विचारलं असतं?"

मी वाचली. दोनदा वाचली. सांगलीच्या बाईला बर्फातलं काय कळणार, पण चार वर्षं त्या हॉलमध्ये बसून मला वाटत होतं की कळतं. मी म्हटलं, "उस्मानभाई, यात सगळं आहे. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेताय." ते वहीकडे बघत राहिले. "नाय," ते म्हणाले. "राह्यलंय." पण फळी एकच पाठवली, सुरी. पाट बरोबर द्यायचा का, असं सहायकानं विचारलं तेव्हा म्हणाले, दोन फळ्या असल्या की वेळेवर माणूस घोटाळतो.

शर्यतीच्या दिवशी माझी हॉलमधली पाळी होती. शर्यत तिथल्या सकाळी नऊला. आमचे अकरा वाजून गेले तरी काही कळेना. बाराच्या सुमारास उस्मानभाईंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. रीमच होती. सकाळी वाऱ्यानं माणसांना डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा बंद पडला होता, म्हणून शर्यत पुढं ढकलली. आता तिथल्या दुपारी एकला, म्हणजे आमच्या तीनला. तिनं विचारलं, काही बदलायचं का?

उस्मानभाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "दुपारी बरफ आणखी घट्ट होतो," ते त्यांच्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाले. "सुरीच. मेण मात्र बदल. डब्यात हिरवी वडी हाय, सगळ्यात कडक, ती लाव."

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही फोनपाशी आहात ना?"

"इथंच हाय," ते म्हणाले.

मी तिथंच उभी होते आणि मान डोलावली. आमच्या हॉलमध्ये दुपारी बर्फ घट्ट होतो, हे मला पाठ होतं. बाहेर ऊन चढलं की यंत्रं पूर्ण जोरात चालवतात, थंड हवेचा झोत वाढतो, आणि बारा ते तीन उतार दगडासारखा कडक असतो. चार वर्षं दर पाळीला मी ते पाहत होते. दुपार म्हणजे कडक बर्फ. यात शंका घेण्यासारखं काय होतं?

फोन झाल्यावर ते शांत व्हायला हवे होते. झाले नाहीत. काउंटरमागं येरझाऱ्या घालू लागले, एक कानस उचलली, ठेवली, परत उचलली. सव्वादोनला मला म्हणाले, जरा हवा खाऊन येतो. आणि ते मागच्या दारानं गेले. त्या दाराकडे ते कधी जात नसत. मागं मॉलचं सामान उतरवायची जागा आहे, आणि सफाईवाले उतारावरचा खरवडलेला घाण बर्फ तिथं आणून ढीग करतात.

पाच मिनिटांत ते माझ्या खोलीत आले. दोन्ही मुठी पुढं धरलेल्या. त्यांचा चेहरा बघून मी उठून उभी राहिले.

"हात पुढं कर," ते म्हणाले.

त्यांनी माझ्या उजव्या तळहातावर डाव्या मुठीतला बर्फ ठेवला. टणक खडे होते. मग डाव्या तळहातावर उजव्या मुठीतला. तो चिखल होता, बोटांतून गळायला लागला.

"एकाच ढिगाचा हाय," ते म्हणाले. "हा सावलीतला. हा उन्हातला."

मला अजून कळलं नव्हतं. मी मूर्खासारखी हातातल्या पाण्याकडे बघत होते.

"बाय, आपल्या हॉलात ऊन नाय," उस्मानभाई म्हणाले. "तिथं हाय."

रियाधमध्ये वीस वर्षं राहणारा माणूस ऊन विसरला होता. इथं माणूस सावली बघून गाडी लावतो, सावली बघून रस्ता ओलांडतो. पण आत बर्फ आणि बाहेर ऊन, हे दोन वेगवेगळे देश होते आमच्यासाठी, मध्ये काचेची दोन दारं. उणे आठ लिहिलं होतं म्हणून आम्ही उणे आठच धरून बसलो. दुपारी डोंगरावर सूर्य येतो आणि वरचा थर मऊ पडतो, हे त्या ऑस्ट्रियन मास्तरानं सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या गावात ते कुणाला सांगावं लागत नसेल. वहीत सगळं होतं, आणि ऊन नव्हतं. मी दोनदा वाचूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शर्यतीला अजून चाळीस मिनिटं होती. उस्मानभाईंनी रीमला फोन लावला. बंद. वडिलांना लावला. वाजत राहिला. मी सहायकाला लावला, तो दुसऱ्या कॉलवर. उस्मानभाई पुन्हा रीमला, मी पुन्हा वडिलांना. मी मेसेज टाकला, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, थांबा, सुरी नको. त्यापुढं एकच खूण राहिली, ती दोन होईना. यंत्रांचा आवाज चालूच होता. हॉलमध्ये पोरं किंचाळत होती, आणि दर किंकाळीला उस्मानभाई दचकत होते. पावणेतीनला त्यांनी फोन खाली ठेवला आणि माझ्या टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी फोन लावत राहिले. तीन वाजले. तीन वाजून दहा मिनिटं झाली.

साडेतीनला सहायकाचा फोन आला. रीम चौथ्या वळणावर पडली होती. हेलिकॉप्टरनं नेलं होतं. शुद्धीवर होती, पण पाय हलत नव्हते.

उस्मानभाईंनी फक्त एक विचारलं. पडली कशी?

फळीनं नाक खुपसलं, सहायक म्हणाला. वरच्या पाळण्यापाशी तो कोच दुसरी रुंद फळी घेऊन उभा होता. सगळ्यांनी बदलली. हिनं बदलली नाही. म्हणाली, उस्माननं सांगितलंय.

पुढचे दोन महिने कसे गेले ते मी सांगत बसत नाही. रीमला रियाधला आणलं, माझ्याच हॉस्पिटलमध्ये. मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. उजव्या पायात थोडी जान आली, डाव्यात नाही. मी रोज तासभर तिच्याबरोबर असायची. ती उस्मानभाईंबद्दल विचारायची. मी काही तरी थातूरमातूर सांगायची. ते येत नव्हते.

मग मुदीरनं एक कागद तयार केला. त्यात लिहिलं होतं की साहित्य निर्दोष होतं, स्थानिक कोचनं योग्य सल्ला दिला होता, आणि खेळाडूनं तो स्वतःच्या हट्टानं नाकारला. खाली उस्मानभाईंची सही हवी होती, कारण फळी त्यांची. मुदीर वाईट माणूस नव्हता. त्याला हॉल वाचवायचा होता, आणि मला वाटतं, उस्मानभाईंनाही वाचवायचं होतं. सही केली की दोघेही सुटणार होते. फक्त रीमच्या नावापुढं 'हट्ट' असा शब्द कायमचा लागणार होता.

उस्मानभाई तो कागद घेऊन माझ्याकडे आले. आणि मी, तीन मुलांचा बाप परदेशात काय करील असा विचार करून, मनाला लाज वाटावी असं बोलले.

"करून टाका सही," मी म्हटलं. "त्या फोनवर तुम्ही चुकीचं सांगितलं हे कुणाला माहीत आहे? तुम्ही आणि मी. रीमला तर तेव्हाही वाटलं असेल की तुम्ही बरोबरच सांगताय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. थोडं नवल वाटल्यासारखं.

"दोघांना ठावूक हाय ना," ते म्हणाले. "मग झाला."

त्यांनी सही केली नाही. आठवड्यात इकामा, तिथं राहण्याचा परवाना, रद्द होऊन खुरूजचा, म्हणजे कायमचं परत जायचा, शिक्का बसला. ज्या दिवशी संध्याकाळचं विमान होतं, त्या दिवशी सकाळी अकराला ते हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात आले. इस्त्री केलेला शर्ट, नुकतीच केलेली दाढी. रीम समांतर दांड्यांच्या मध्ये उभी होती, घामानं थबथबलेली. वडील खुर्चीवर बसले होते. उस्मानभाईंना पाहताच ते उठले, पुढं आले आणि त्यांना मिठी मारली. म्हणाले, अल्लाची मर्जी, उस्मान, यात तुझं काही नाही.

"माझंच हाय," उस्मानभाई म्हणाले. आधी मराठीतच निघून गेलं. मग त्यांनी अरबीत सांगितलं, थांबत, शब्द शोधत. फोन. दुपार. कडक मेण. हॉलमधलं यंत्र. ऊन. काही झाकलं नाही, आणि माझं नाव मात्र घेतलं नाही. मीही मान डोलावली होती हे त्या माणसानं सांगितलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. हे इथं लिहिते आहे, तेवढंच.

वडिलांचे हात उस्मानभाईंच्या खांद्यांवरून हळूहळू खाली आले. ते मागं सरकले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

रीम बोलली. दांड्यांना धरून, उभ्यानंच. "बर्फ कसा होता ते तुम्हाला सांगू?"

उस्मानभाईंनी होकारार्थी मान हलवली.

तिनं सांगितलं. पहिली दोन वळणं सावलीत होती, तिथं रेघ बरोबर आली. तिसऱ्याला कडेच्या झाडांची सावली संपली. पायाखालचा आवाजच गेला, म्हणाली. खरखर यायची ती बंद झाली. उस्मानभाई दोन पावलं पुढं आले. किती बोटं मऊ होता? चार. खाली घट्ट? हो, खाली घट्ट. फळी सरकत होती की चिकटत होती? चिकटत होती, जणू कुणी खालून धरतंय. मेण, उस्मानभाई पुटपुटले, कडक मेण ओल्याला चिकटतं. आधी मागचा पाय अडला की पुढचा? पुढचा. ते विचारत गेले, ती सांगत गेली. मी घड्याळ पाहिलं नाही, पण पंधरा मिनिटं तरी ती दोघं त्या चार वळणांवर होती. वडिलांनी तिला बसायला खूण केली, ती बसली नाही. उस्मानभाई सगळं समजून घेत होते, मास्तरांकडून पहिल्यांदा धार शिकताना ते असेच उभे राहत असतील. जे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते आता ही पोर सांगत होती, लुळा पाय घेऊन.

शेवटी विचारण्यासारखं काही उरलं नाही. तरी त्यांनी एक विचारलं.

"दिसायला कसा होता?"

रीमनं एक हात सोडून कपाळावरचा घाम पुसला.

"फार सुंदर होता," ती म्हणाली. "सगळा डोंगर चमकत होता. डोळे उघडत नव्हते. मला वाटलं, उस्मानला हे दाखवायला हवं होतं."

तेव्हा ते रडले. उभ्याउभ्या, चेहरा न झाकता, लहान मूल रडतं तसे. रीम दांडीला धरून त्यांच्याकडे बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. वडिलांनी चेहरा खिडकीकडे वळवला. मग उस्मानभाईंनी बाहीनं तोंड पुसलं, छातीवर हात ठेवला, वडिलांपुढं मान झुकवली आणि निघाले. वडिलांनी सलामाला उत्तर दिलं नाही.

मी खिडकीपाशी गेले. बारा वाजत आले होते. खाली पार्किंगमध्ये भिंतीलगत हातभर रुंदीची सावली होती, आणि येणारी-जाणारी सगळी माणसं त्या सावलीतून एकामागं एक चालत होती. उस्मानभाई दारातून बाहेर पडले, क्षणभर थांबले, आणि सावली सोडून मोकळ्या डांबरावरून, भर उन्हातून, उघड्या डोक्यानं चालत गेले. फाटकापर्यंत त्यांनी एकदाही डोळ्यांवर हात धरला नाही. मागून रीम म्हणाली, "मॅडम, पुन्हा एकदा करू या." मी वळले आणि तिचा डावा पाय उचलून पुढं ठेवला.